आईचा शब्द आणि कौन्सिलची यादी
(‘फॅमिली अँड किनशिप इन ईस्ट लंडन’ : एक पुनर्वाचन)

१९९५ साली मी एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत कारकून होतो. कामानिमित्त मुंबईला गेलो की परतीच्या गाडीआधी फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायची, हा ठरलेला कार्यक्रम. तिथे एकदा पेलिकन मालिकेतलं एक पुस्तक पंधरा रुपयांना मिळालं : मायकेल यंग आणि पीटर विल्मट यांचं ‘फॅमिली अँड किनशिप इन ईस्ट लंडन’. लंडनचं मला विशेष आकर्षण नव्हतं. पण मधलंच एक पान उघडलं, तर तिथे एक आई घरभाडं गोळा करायला येणाऱ्या माणसाकडे आपल्या लेकीसाठी शब्द टाकत होती. असा शब्द टाकायला माणसं आमच्याही टेबलापाशी रोज येत. पुस्तक पिशवीत टाकलं.

त्यानंतर ते मी चार-पाच वेळा तरी वाचलं असेल. पहिल्या दोन वाचनांत मी त्याचा भक्त होतो. पुढे शंका येऊ लागल्या. मी समाजशास्त्राचा रीतसर विद्यार्थी नाही. पदवी वाणिज्य शाखेची, आणि बाकीचं शिक्षण ग्रंथालयांत आणि रद्दीच्या दुकानांत झालं. त्यामुळे या पुस्तकाभोवती जे लेखन झालं तेही जमेल तसं, मागेपुढे वाचत गेलो. हा लेख म्हणजे भक्तीपासून शंकेपर्यंतच्या त्या प्रवासाचा हिशेब. माझं म्हणणं थोडक्यात असं : नात्यागोत्यावरचं म्हणून गाजलेलं हे पुस्तक खरं तर घरवाटपावरचं पुस्तक आहे, आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं पात्र, म्हणजे कौन्सिल, लेखकांनी पडद्यामागेच ठेवलं आहे.

बेथनल ग्रीन नावाचा बरो

१९०० ते १९६५ या काळात लंडन शहराचा कारभार दोन मजली होता. वर लंडन काउंटी कौन्सिल, खाली अठ्ठावीस मेट्रोपॉलिटन बरो. शाळा, मुख्य गटारं, अग्निशमन, मोठ्या गृहवसाहती हे काउंटीकडे. रस्ते झाडणं, कचरा उचलणं, सार्वजनिक स्नानगृहं आणि धुलाईघरं, ग्रंथालयं, स्वच्छता निरीक्षक, घरपट्टीची वसुली आणि थोडीफार घरबांधणी हे बरोंकडे. आपल्याकडे जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्यात जशी रस्सीखेच चालते, तशी तिथेही चालत असे.

बेथनल ग्रीन हा यातला पूर्वेकडचा एक छोटा, दाट आणि गरीब बरो. १९३१ साली त्याची वस्ती एक लाखाच्या वर होती. १९५१ च्या जनगणनेत ती अठ्ठावन्न हजारांच्या आसपास आली. एवढी माणसं गेली कुठे? काही युद्धाच्या आधीच बाहेर पडली होती. उरलेल्यांतली कित्येक बॉम्बफेकीत बेघर झाली. ७ सप्टेंबर १९४० रोजी, लंडनवरच्या मोठ्या हवाई हल्ल्यांच्या पहिल्याच रात्री, बरोच्या मध्यवर्ती ग्रंथालयावर बॉम्ब पडला. मग कौन्सिलने अर्धवट बांधकाम झालेल्या भुयारी रेल्वे स्थानकात, जिथे लोक रात्री आसऱ्याला येत तिथेच, तात्पुरतं ग्रंथालय उघडलं. त्याच स्थानकाच्या जिन्यावर ३ मार्च १९४३ च्या रात्री चेंगराचेंगरी होऊन १७३ माणसं मेली. त्या जागी बॉम्ब पडलाच नव्हता. प्रवेशद्वार सुधारण्यासाठी बरो कौन्सिलने त्याआधी वरिष्ठांकडे परवानगी आणि पैसे मागितले होते, ते मिळाले नव्हते. चौकशीचा अहवालही १९४५ पर्यंत लोकांसमोर आला नाही आणि तोवर दोष कौन्सिलच्या माथी राहिला. नगरपालिकेत नोकरी केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

युद्ध संपलं तेव्हा बरोत जी घरं उभी होती त्यांतली पुष्कळशी एकोणिसाव्या शतकातली, दोन मजली, एकाच घरात दोन-तीन बिऱ्हाडं असलेली. संडास मागच्या अंगणात. न्हाणीघर नसणं ही सर्वसाधारण गोष्ट. आठवड्याची आंघोळ करायची ती कौन्सिलच्या स्नानगृहात. १९२९ साली उघडलेलं यॉर्क हॉल हे त्यातलं मोठं. अशा या बरोत मायकेल यंग यांनी १९५४ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिटी स्टडीज’ ही संस्था काढली. १९४५ च्या निवडणुकीतला मजूर पक्षाचा जाहीरनामा लिहिणारे ते हेच यंग. पक्षाच्या सरकारने घरं, दवाखाने, विमा दिला. पण ज्यांच्यासाठी दिला ती माणसं राहतात कशी, हे पक्षातल्या कुणाला नीट ठाऊक नाही, अशी त्यांची खंत होती. पुस्तक आलं १९५७ साली.

पुस्तक काय सांगतं

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुना बरो, दुसऱ्यात नवी वसाहत. लेखकांनी आणि सहकाऱ्यांनी बेथनल ग्रीनमध्ये नऊशेहून अधिक माणसांना भेटून प्रश्नावली भरून घेतली आणि लहान मुलं असलेल्या पन्नासच्या आत जोडप्यांशी घरी बसून सविस्तर बोलणं केलं. तितकीच जोडपी त्यांनी ‘ग्रीनली’ इथे गाठली. ग्रीनली हे टोपणनाव. ही लंडन काउंटी कौन्सिलने एसेक्समध्ये, लाउटनजवळ बांधलेली डेबडेनची वसाहत.

जुन्या बरोतलं चित्र असं. लग्न झालेली लेक आईपासून दोन-चार गल्ल्यांच्या अंतरावर राहते. दिवसातून एकदा तरी, कधी दोन-तीनदा, आईकडे डोकावते. बाजार दोघी मिळून करतात. बाळंतपणात आई, मूल आजारी पडलं तर आई, नवऱ्याच्या हातात पैसे उरले नाहीत तरी आई. आईच्या घरी बहिणी भेटतात, मावश्या भेटतात, आणि त्यांच्यामुळे अख्खा रस्ता ओळखीचा होतो. तोवरच्या विद्वानांचं मत असं होतं की शहर आलं, कारखाने आले की विस्तारित कुटुंब मोडतं आणि उरतात नवरा, बायको, दोन मुलं. लेखकांनी दाखवलं की लंडनच्या मधोमध ते मोडलेलं नाही, आणि त्याची दोरी बायकांच्या हातात आहे. हे दाखवणं सोपं नव्हतं. बाईच्या दिवसाकडे, तिच्या ये-जा करण्याकडे, चहाच्या कपावर होणाऱ्या बोलण्याकडे संशोधनाचा ऐवज म्हणून पाहणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पुस्तकाचं ते श्रेय आजही कुणी काढून घेऊ शकत नाही.

दुसऱ्या भागात तीच माणसं ग्रीनलीला जातात. नवं घर, स्वतंत्र न्हाणीघर, पुढे-मागे बाग, मुलांना मोकळी हवा. आणि एकटेपण. आई दूर राहिली. बसभाडं, रेल्वेभाडं परवडत नाही. शेजारी अनोळखी. बेथनल ग्रीनमध्ये दर ४०० माणसांमागे एक पब आणि दर ४४ माणसांमागे एक दुकान. ग्रीनलीत ५,००० माणसांमागे एक पब आणि ३०० माणसांमागे एक दुकान. बाजारहाट म्हणजे जी रोजची भेटीगाठीची सोय होती तीच उरली नाही. मग माणसं घरात बसली, दूरचित्रवाणी संच आणले, आणि शेजाऱ्याच्या संचाकडे, पडद्यांकडे, मोटारीकडे पाहून स्वतःला मोजू लागली. लेखकांचा निष्कर्ष स्पष्ट आहे : माणसांना घरं द्या, पण त्यांच्या माणसांपासून तोडू नका. शक्यतो जुन्या बरोतच बांधा, दुरुस्त करा. हलवायचंच असेल तर नातेवाईक-शेजारी मिळून हलवा.

नगररचनाकारांच्या पुढच्या पिढीने हे पुस्तक वाचलं. जुनी वस्ती सरसकट पाडण्याविरुद्ध जे वातावरण पुढे इंग्लंडमध्ये तयार झालं, त्यात या पुस्तकाचा वाटा आहे. अशा पुस्तकावर टीका करताना हात जरा आखडतो. तरीही करायला हवी.

टोपणनावाआड काय गेलं

पहिला आक्षेप साधा आहे. बेथनल ग्रीनला लेखकांनी त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, नव्या वसाहतीला मात्र टोपणनाव दिलं. हेतू चांगला असणार : मुलाखती दिलेल्या कुटुंबांची ओळख पटू नये. पण कुटुंबांबरोबर कार्यालयंही झाकली गेली. डेबडेनचं घर लंडन काउंटी कौन्सिलचं, पण जमीन लंडनच्या हद्दीबाहेर. म्हणजे घरमालक लंडनमध्ये, कचरा उचलणारी चिगवेलची नगरसभा आणि शाळा एसेक्स काउंटीची. भाडं ज्या कौन्सिलला द्यायचं तिच्या निवडणुकीत मत देता येत नाही. मत ज्या नगरसभेला द्यायचं तिच्या लेखी हे सगळे लंडनहून येऊन पडलेले परके लोक.

हे मांडलं की ग्रीनलीच्या एकटेपणाचा अर्थ थोडा बदलतो. दुकानं कमी होती, कारण वसाहत आखणाऱ्याने कमी ठेवली होती. बेथनल ग्रीनची बाई घाणेरड्या अंगणाबद्दल स्वच्छता निरीक्षकाकडे तक्रार करू शकत होती, टाउन हॉलच्या पायऱ्या चढून नगरसेवकाला गाठू शकत होती. तो बहुधा तिच्याच रस्त्यावरचा असे. डेबडेनमध्ये तिने कुणाला गाठायचं? ती आईपासून तुटली, तशीच पायी चालत जाता येईल अशा अंतरावरच्या सत्तेपासूनही तुटली. पुस्तकात पहिल्या तुटण्याला शेकडो ओळी आहेत, दुसऱ्याला फारशी जागा नाही. एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९४३ च्या दुर्घटनेचं ते भुयारी स्थानक १९४६ च्या डिसेंबरात रेल्वेसाठी सुरू झालं आणि १९४९ मध्ये तीच सेंट्रल लाइन डेबडेनपर्यंत पोचली. गाडी न बदलता आईकडे जाता येत होतं. अडचण अंतराची तर होतीच. पण त्याहून ती तिकिटाच्या पैशांची होती, आणि पैशांचा प्रश्न म्हणजे पुन्हा भाड्याचा प्रश्न. काउंटीचं नवं घर जुन्या खोल्यांपेक्षा महाग होतं. नात्यांचा ऱ्हास म्हणून जे सांगितलं जातं त्यातला काही भाग साध्या घरखर्चाच्या वहीत सापडतो.

शब्दाची किंमत

आता मूळ मुद्दा. ज्या पानामुळे मी पुस्तक घेतलं ते पान.

बेथनल ग्रीनमध्ये बहुतेक माणसं खासगी घरमालकाची भाडेकरू होती. लेकीचं लग्न ठरलं की आई भाडं वसूल करायला येणाऱ्या माणसाला सांगून ठेवायची : वरच्या आळीत खोली रिकामी झाली तर माझ्या पोरीला द्या. तिचं स्वतःचं भाडं वर्षानुवर्षं वेळेवर गेलेलं. वसुलीवाल्यालाही ओळखीतला भाडेकरू मिळाला तर डोकेदुखी कमी. अशा रीतीने लेक आईजवळ राहायला यायची. आपण मराठीत ज्याला शब्द टाकणं म्हणतो तेच. लेखकांनी हे फार आपुलकीने टिपलं आहे आणि पुढे म्हटलं आहे की कौन्सिलच्या घरांना हा शब्द चालत नाही. कौन्सिल गरज पाहतं : किती माणसं, किती खोल्या, संडास सामायिक की स्वतंत्र, कुणाला क्षय आहे का. नातं पाहत नाही. म्हणून कौन्सिलची घरं वाढतील तसं आईचं वजन कमी होईल.

निरीक्षण अचूक आहे, पण त्याचा जमाखर्च अर्धाच मांडला आहे. आईच्या शब्दाला किंमत कशामुळे होती? भाडं कायद्याने गोठवलेलं होतं, जागा दुर्मीळ होत्या आणि रिकामी झालेली जागा जाहिरात न होता हातोहात जात होती. म्हणजे टंचाईच्या बाजारात ओळख हेच चलन होतं. ज्या १९५७ साली पुस्तक आलं त्याच साली भाडे कायदा बदलला, आणि भाडेकरू बदलला की नव्या भाडेकरूसाठी भाड्यावरचं नियंत्रण उठू लागलं. वसुलीवाल्याला आता ओळखीपेक्षा जास्त भाडं देणारा हवा होता. तेव्हा आईच्या शब्दाची किंमत कौन्सिलच्या यादीने कमी केली म्हणायची, की बाजाराने? पुस्तक वाचून वाटतं यादीने. त्याच वर्षीचा कायदा शेजारी ठेवून वाचलं की उत्तर बदलतं.

आणि हिशेबाची दुसरी बाजू त्याहून मोठी. ज्या मुलीला आई नाही तिचं काय? आई असून भाडं थकवणारी असेल तर? आयर्लंडहून, माल्टाहून किंवा लंडनच्याच दुसऱ्या टोकाहून आलेल्या जोडप्यासाठी वसुलीवाल्याकडे कोण शब्द टाकणार? अशी माणसं या पुस्तकात जवळजवळ नाहीतच. असणार कशी? ज्या बरोत शिरायलाच शब्द लागतो, त्या बरोत शब्दावाचून शिरू न शकलेली माणसं प्रश्नावली भरायला सापडत नाहीत. जाळ्याच्या आत बसून जाळ्याची ऊब मोजली तर ती भरपूरच भरणार.

वगळलेल्या नोंदी

हा संशय मला एकट्यालाच आला असं नाही. जेनिफर प्लॅट यांनी १९७१ सालीच बेथनल ग्रीनमधल्या या संशोधनपद्धतीची कठोर तपासणी करणारं पुस्तक लिहिलं. अलीकडे इतिहासकार जॉन लॉरेन्स यांनी त्याहून मूलभूत काम केलं. यंग यांची कागदपत्रं केंब्रिजच्या चर्चिल अभिलेखागारात आहेत. त्यातल्या मूळ मुलाखतींच्या टिपणांचं फेरवाचन करून त्यांनी २०१६ साली एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि २०१९ च्या ‘मी, मी, मी?’ या पुस्तकात तो मुद्दा विस्ताराने मांडला. त्यांना टिपणांत अशी बरीच माणसं भेटली ज्यांना नातेवाइकांचा सततचा राबता नको होता, शेजाऱ्यांपासून अंतर हवं होतं, आणि बरो सोडून जायची मनापासून इच्छा होती. छापील पुस्तकात हे आवाज दबले. लेखकांनी खोटं लिहिलं असं कुणी म्हणत नाही. आधी मनात चित्र होतं, आणि चित्राला शोभणाऱ्या नोंदी आधी वर आल्या.

मला याहून बोलका वाटतो तो विल्मट यांनीच दिलेला पुरावा. १९६३ साली त्यांनी डॅगनहॅमवर पुस्तक लिहिलं. तिथली बेकनट्री वसाहत लंडन काउंटी कौन्सिलने दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधलेली, एका अर्थी ग्रीनलीची मोठी बहीण. चाळीस वर्षांनंतर तिथे विल्मट यांना काय दिसलं? लेकी आयांच्या जवळपास राहू लागल्या होत्या, नात्यांचं जाळं पुन्हा विणलं गेलं होतं, पुष्कळ अंशी ईस्ट एंडसारखंच. म्हणजे वसाहतीच्या भिंती नातं मारत नाहीत. एक पिढी जावी लागते, आणि त्या पिढीच्या मुलांना त्याच वसाहतीत घर मिळावं लागतं. ग्रीनलीची पाहणी झाली तेव्हा तिथली माणसं नुकती राहायला आलेली होती. नव्याने रोवलेल्या रोपाला सावली नाही म्हणून त्याला नावं ठेवण्यासारखं ते झालं. आपल्याच निष्कर्षाला मुरड घालणारा पुरावा सहा वर्षांत स्वतः छापणं हा विल्मट यांचा प्रामाणिकपणा. पण वाचकांच्या लक्षात राहिलं ते पहिलंच पुस्तक.

पन्नास वर्षांनंतर तोच प्रश्न

१९६५ साली बेथनल ग्रीन बरो संपला. स्टेपनी आणि पॉप्लर यांच्यासह तो टॉवर हॅम्लेट्समध्ये विलीन झाला. गोदी बंद पडत गेली, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत सिल्हेटहून आधी आलेल्या पुरुषांची बायकामुलं तिथे येऊ लागली. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी ही कुटुंबं. त्यांच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नव्हतं आणि यादीत नंबर लागत नव्हता, म्हणून काहींनी रिकाम्या पडलेल्या इमारतींत घुसून बिऱ्हाडं थाटली. १९७७ च्या कायद्याने मुलंबाळं असलेल्या बेघर कुटुंबांना घर देणं कौन्सिलवर बंधनकारक केलं. यादीचा अर्थ आता देशाच्या कायद्याने ठरवला.

२००६ साली जेफ डेंच आणि केट गॅव्ह्रन यांनी यंग यांच्यासह लिहिलेलं ‘द न्यू ईस्ट एंड’ प्रसिद्ध झालं. यंग तोवर, २००२ मध्ये, वारले होते. या पुस्तकाचं म्हणणं असं की गोऱ्या कष्टकऱ्यांच्या मनातल्या रागाचं मूळ घरवाटपाच्या नियमात आहे. युद्ध सोसलेल्या जुन्या रहिवाशांना वाटत होतं की आपण हक्क कमावला आहे. गरजेच्या नियमाने तो कालपरवा आलेल्यांना दिला आणि आपल्या लेकी-सुनांना बरोबाहेर घालवलं. दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचली की कळतं, १९५७ ची ती प्रेमळ आईच २००६ मध्ये परत आली आहे. फक्त आता ती रागावलेली आहे, आणि तिचा शब्द वसुलीवाल्याच्या कानात राहिलेला नाही, मतपेटीत गेला आहे.

गेलाही होता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात टॉवर हॅम्लेट्समध्ये लिबरल पक्षाची सत्ता आली आणि स्थानिकांच्या मुलामुलींना घरवाटपात प्राधान्य देणारी योजना आली. ऐकायला गोड. व्यवहारात अर्थ उघड होता : ज्यांचे आईबाप इथले, त्यांनाच घर. त्याच दशकात काही बांगलादेशी कुटुंबांना ‘हेतुपुरस्सर बेघर’ ठरवण्यापर्यंत मजल गेली. कारण काय, तर त्यांचं बांगलादेशात घर होतं आणि ते सोडून ती आली. १९८८ साली वांशिक समानता आयोगाने तिथल्या घरवाटपातल्या भेदभावावर अहवाल दिला. १९९३ मध्ये त्याच बरोतल्या मिलवॉल प्रभागात उघडपणे वंशवादी असलेल्या पक्षाचा नगरसेवक निवडून आला, आणि तो घरांच्याच प्रश्नावर. ‘भूमिपुत्र’ हा शब्द ज्यांच्या राजकारणात रोज कानावर पडतो, त्या आपल्यासारख्या वाचकांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

‘द न्यू ईस्ट एंड’वर माझा आक्षेप १९५७ च्या पुस्तकावरच्या आक्षेपाचाच पुढचा भाग आहे. इथेही यादीला दोषी धरलं, आणि यादीत वाटायला घरं किती उरली होती हे बाजूला पडलं. १९८० च्या कायद्याने कौन्सिलची घरं भाडेकरूंना सवलतीत विकायला काढली. विकलेल्यांच्या जागी नवी बांधण्याचा वेग पार मंदावला. पंगतीत भातच संपला असेल, तर आधी कुणाला वाढलं यावरून भांडण होणारच. वाढप्याला शिव्या देणं सोपं. भात कुणी कमी टाकला हे विचारायला स्वयंपाकघरात जावं लागतं. दोन्ही पुस्तकं तिथवर जात नाहीत.

एक इमारत, आणि एक नोंदवही

नात्याचा विचार करणारं कौन्सिल अशक्य होतं का? तसंही नाही. खुद्द बेथनल ग्रीनच्या बरो कौन्सिलने पुस्तकाच्याच सुमारास डेनिस लास्डन या वास्तुरचनाकाराकडून कीलिंग हाउस ही सोळा मजली इमारत बांधून घेतली. लास्डन यांनी एकच मोठा ठोकळा उभा न करता मधल्या जिन्या-लिफ्टच्या गाभ्याभोवती चार वेगळे मनोरे ठेवले, घरं दुमजली केली, आणि कपडे वाळत घालायला अशा जागा काढल्या की बायकांना मागच्या अंगणात जशी गाठ पडे तशी पडावी. आणि मुख्य म्हणजे ती इमारत बरोच्या आतच होती. आईला आणि यादीला एकत्र नांदवण्याचा तो खरा प्रयत्न. पुढे डागडुजीचा खर्च झेपेना, नव्वदच्या दशकात ती रिकामी झाली, वारसा म्हणून तिला संरक्षण मिळालं, आणि १९९९ मध्ये खासगी विकासकाला विकली गेली. बरोचा टाउन हॉल आज हॉटेल आहे. ग्रंथालय मात्र अजून ग्रंथालयच आहे.

आता ज्या कारणाने मी यादीची बाजू एवढी घेतो, ते सांगून थांबतो. आमच्या नगरपालिकेत दुर्बल घटकांसाठी बांधलेल्या घरकुलांची यादी काही वर्षं माझ्या हाताखाली होती. एक म्हातारी रोज यायची. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि लेक जवळ राहावी एवढंच तिचं मागणं. कधी हात जोडायची, कधी माझ्यासाठी घरची चटणी आणायची. यंग-विल्मट नुकतेच वाचले होते. मला त्या म्हातारीत पुस्तकातली आई दिसली. नंबर पुढे-मागे करणं माझ्या पेनाच्या टोकावर होतं. मी केलं. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी दबाव आणला नाही. मला वाटलं, मी नातं वाचवलं.

त्या बदलामुळे जो नंबर खाली गेला तो एका विधवेचा होता. ती बाहेरगावची, तिचं गावात कुणी नव्हतं. ती महिन्यातून एकदा यायची, नोंदवहीत आपला आकडा बघायची आणि काही न बोलता जायची. त्या महिन्यात तिने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच गेली. दुसऱ्या यादीत तिला घर मिळालं, तीन वर्षांनी.

तेव्हापासून हे पुस्तक उघडलं की मी त्यात आधी ती विधवा शोधतो. ती सापडत नाही. पुस्तकातली आई खरी आहे, तिचं प्रेम खरं आहे, लेकीला जवळ ठेवायची तिची धडपड खरी आहे. यादी आंधळी असते, तिला नातं दिसत नाही, हेही खरं. डेबडेनच्या पहिल्या पिढीने त्याची किंमत मोजली. यादीला डोळे द्यावेत, तिच्यात जवळ राहण्यालाही गुण द्यावेत, घरं वाढवावीत, ती बरोच्या आत बांधावीत. पण यादी फाडून पुन्हा शब्दावर यावं, असं कुणी नात्याच्या आणि आपलेपणाच्या नावाने सांगू लागलं, तर त्याला एवढंच विचारावं : ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नाही, त्याने कुठे जायचं? बेथनल ग्रीनवरच्या या सुंदर पुस्तकाने हा प्रश्न विचारला नाही. वाचताना तो आपण विचारायचा.